गाबेसचं रान

"आयला, काय रान हाय!" असं म्हणून हणमंतराव जगदाळे डाळिंबाच्या झाडाखाली थांबले आणि टोपी सावरत त्यांनी मान वर केली.

डाळिंबाच्या वर अंजीर होतं, अंजिराच्या वर ऑलिव्ह आणि ऑलिव्हच्याही वर खजुराच्या झावळ्या. ऊन गाळून गाळून खाली येत होतं. जमिनीवर कांदा, मुळा, कोथिंबीर, लसूणघास आणि मेंदी यांचे वाफे एकमेकांना खेटून होते. द्राक्षाचा एक वेल अंजिरावर चढला होता. तो कुठून निघाला आणि कुठे संपला, ते सांगता येत नव्हतं.

"बापजन्मात असलं रान बगितलं न्हाई," ते पुन्हा म्हणाले. "ताई, लिवून घ्या."

"घेतलं, आबा."

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात शेतीची पुरवणी पाहत होते. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, नोव्हेंबर महिन्यातली. भूधन नावाच्या खत कंपनीने आम्हाला ट्युनिशियातल्या गाबेस शहरात नेलं होतं. तिथल्या एका कारखान्यात फॉस्फरिक अ‍ॅसिड तयार होई आणि ते बोटीने आपल्याकडे येई. त्याचंच पुढे भूधन खत करी. आम्ही तिघं होतो. मी वार्ताहर म्हणून. हणमंतराव, म्हणजे आबा, सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष म्हणून. आणि आमची सोय बघायला भूधनचे जनसंपर्क अधिकारी मिलिंद दातार.

आबांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. ते बोलत, दातार त्याचं इंग्रजी करत आणि सालहा नावाची तिथली एक तरुण शिक्षिका इंग्रजीचं अरबी किंवा फ्रेंच करी. सालहा गावातल्या शाळेत इतिहास शिकवायची. इंग्रजी येतं म्हणून कारखान्याने तिला आमच्यासाठी दोन दिवस बोलावलं होतं. ही बाग तिच्या वडिलांची होती. कारखाना बघून झाल्यावर तिनेच सुचवलं होतं, की पाहुणे शेतीतले आहेत, तर त्यांना बाग दाखवू या. कारखान्याचे अधिकारी मस्यू लझार लगेच तयार झाले आणि स्वतःही आमच्याबरोबर आले.

"काय म्हणाले ते?" सालहाने विचारलं.

"म्हणाले, काय जंगल आहे," दातारांनी इंग्रजीत सांगितलं. "असं जंगल जन्मात पाहिलं नाही."

सालहा क्षणभर थांबली. मग तिने ते वडिलांना अरबीत सांगितलं. तिचे वडील, सी अम्मार (सी म्हणजे आपल्याकडचं राव), उंच आणि वाळके गृहस्थ होते. डोक्यावर लाल लोकरी टोपी, पायात रबरी बूट. त्यांनी आबांकडे नीट पाहिलं आणि काहीतरी उत्तर दिलं. सालहा हसू दाबत म्हणाली, "बाबा म्हणतात, हो ना, या जंगलात दरवर्षी मुळे पेरताना त्यांची पाठ मोडते."

सगळ्यांत मोठ्याने लझार हसले. मग त्यांनी दातारांना इंग्रजीत विचारलं, "जंगल? नेमका हाच शब्द?"

"हाच," दातार म्हणाले.

"दातार, रान म्हणजे शेत," मी मराठीत म्हणाले. "आबा शेताला रान म्हणतात."

"मुळेबाई," ते माझं आडनाव घेऊन म्हणाले, "भाषाशास्त्र आपण पुण्याला गेल्यावर करू. आता चहा येतोय."

चहा आला. पुदिना घातलेला, गोड, लहान पेल्यांतून. आबांना आमच्या बोलण्याचा पत्ताच नव्हता. ते उकिडवे बसून वाफ्यातली माती चिमटीत घेऊन चोळत होते. सी अम्मार त्यांच्यासमोर तसेच उकिडवे बसले. त्यानंतरचा अर्धा तास त्या दोघांना दुभाष्याची फारशी गरज पडली नाही.

"पानी कुटनं येतं?" आबांनी हाताने पाटाची वळणं काढत विचारलं.

हे मात्र सालहाला सांगावं लागलं. पूर्वी गावाच्या वरच्या अंगाला झरे होते, पाणी आपोआप बागांत उतरायचं. मग आजूबाजूला खोल विहिरी झाल्या, कारखान्यालाही पाणी लागू लागलं आणि झरे आटले. आता पंपाचं पाणी पाळीने मिळतं. पाळीला इकडे नूबा म्हणतात. एकाची पाळी संपली की तो पाटावरून हाक देतो, दुसरा आपल्या बागेचं तोंड उघडतो. पूर्वी पाळी आठवड्याला यायची, आता तिची वाट बघावी लागते.

"म्हंजे पाटकरी आला न्हाई तर बोंबला," आबा म्हणाले. "आमच्या कॅनॉलगत झालं की! त्येंना म्हनावं, कृष्णाकाठी या एकदा. हितनं तिथं काय बी फरक न्हाई. टोपीचा तेवडा."

सी अम्मारनी हे ऐकून आपली लाल टोपी काढली, आबांच्या डोक्यावर ठेवली आणि आबांची पांढरी टोपी स्वतः घातली. लझार सोडून सगळे हसले.

मी सालहाला या बागेचा इतिहास विचारला. माझ्या पुरवणीला एक चौकट हवी होती.

"चौकटीत मावणार नाही," ती म्हणाली. "आधी कार्थेजचे व्यापारी इथे यायचे. मग रोमन आले. ते या गावाला ताकापे म्हणत. तुम्ही नकाशा बघा. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे वाळवंट आणि मधे हे खजुराचं बन. आतून येणारे तांडे इथे उतरायचे आणि इथून माल बोटीवर चढायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन लेखकाने या बागा लिहून ठेवल्यात. खजुराखाली ऑलिव्ह, त्याखाली अंजीर, मग डाळिंब, मग द्राक्ष, मग धान्य, मग भाजी. आणि पाणी वेळेच्या मापाने वाटतात, असंही तो लिहितो."

"आणि रोमन गावाचं आता काय उरलंय?"

"जुन्या मशिदीत काही खांब आहेत त्यांचे. बाकी काही नाही. इतर गावांत पर्यटक रंगमंच बघतात, स्नानगृहं बघतात. इथे येतात आणि विचारतात, अवशेष कुठे आहेत? मी म्हणते, तुम्ही त्यांच्यातच उभे आहात, जरा सांभाळून उभे राहा."

निघताना सी अम्मारनी एक डाळिंब तोडून आबांच्या हातात दिलं. आबांनी ते गाडीतच फोडलं, दाणे तोंडात टाकले आणि हॉटेलपर्यंत एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे म्हणत राहिले. असलं रान सांगलीत कुणाचं असतं, तर लोक तिकीट काढून बघायला गेले असते.

आमचं हॉटेल समुद्राकाठी होतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, पण गाबेसच्या आखातात ती दिसते, असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून मी संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. पाणी लांब मागे सरलं होतं. वाऱ्याबरोबर कारखान्याचा वास येत होता, घशात बसणारा. मी परत फिरले तर सालहा हॉटेलच्या दारात उभी होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या पाहुण्यांनी दुपारी नेमका कोणता शब्द वापरला?"

"रान."

"त्याचा अर्थ जंगल?"

"शब्दकोशात तोही अर्थ आहे. शहरातल्या लोकांना तेवढाच माहीत असतो. पण त्यांच्याकडचा शेतकरी रान म्हणतो ते शेताला. तो सकाळी रानात जातो म्हणजे कामाला जातो. रान नांगरतात, रान भिजवतात. भाऊ भाऊ भांडतात ते रानावरून."

"मग ते जे म्हणाले त्याचा अर्थ?"

"काय सुंदर शेत आहे. असं शेत मी जन्मात पाहिलं नाही."

ती पायरीवर बसली. "आणि मी माझ्या बापाला तोंडावर सांगितलं, पाहुणे तुमच्या बागेला जंगल म्हणतायत."

"त्यांनी ते हसण्यावारी नेलं."

"बाबांनी नेलं. लझारने नेलं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. कारखान्याला दुसरा विभाग उभारायचा होता. त्याच्या सांडपाण्याच्या टाकीसाठी बागांच्या कडेची पट्टी हवी होती. कायदा असा, की लागवडीखालची बाग मालकाच्या संमतीशिवाय घेता येत नाही, पडीक असेल तर घेता येते. शेजारच्या दोन्ही बागा पाण्यावाचून पडीक झाल्याच होत्या. मधे एकटे सी अम्मार राहिले होते आणि ते संमती देत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीतून एक आयोग बाग पाहायला येणार होता, आणि तिथेच निर्णय देणार होता.

"आयोगातल्या माणसांना काय दिसणार?" सालहा म्हणाली. "त्यांना शेत म्हणजे सरळ रांगा माहीत. इथे त्यांना गचपण दिसेल. आणि लझारने आजच गावात सांगितलंय, भारतातून आलेल्या शेतीतज्ज्ञांनी बाग स्वतः पाहिली आणि ती जंगल आहे असं म्हटलं."

"तज्ज्ञ कोण? आबा?"

"कारखान्याने तुम्हाला पाठवलेल्या निमंत्रणात तसंच आहे. मी बाग दाखवू का विचारलं आणि तो लगेच हो म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"आबा उद्या आयोगाला सांगतील," मी म्हणाले. "त्यांचा शब्द आहे, तेच दुरुस्त करतील." मला त्याबद्दल जराही शंका नव्हती.

आबा आणि दातार जेवणघरात बसले होते. आबांसमोर कुसकुसची थाळी होती.

"या ताई, बसा. सांज्यात मटन घातलंय ह्येंनी. पर गोड लागतंय."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आबांचा घास हातात राहिला.

"मी जंगल कवा म्हनलो?" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले. "त्या मानसानं डोक्यावरची टोपी काडून दिली मला. त्येच्या बागंला जंगल म्हनंन व्हय मी? काय ओ दातार, असं सांगितलंसा तुमी?"

"आबा, रान म्हणजे जंगलच ना?"

"तुमच्या पुन्यात आसंल! रान म्हंजे रान! उद्या सांगतो की मी. तोंडावर सांगतो त्या लझार का फझारला."

"सांगा ना," दातार शांतपणे म्हणाले. त्यांनी रुमालाने हात पुसले. "फक्त त्याआधी जरा ऐकून घ्या. मुळेबाईंसमोरच सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. ती पट्टी मिळाली तर इथला दुसरा विभाग होतो. तो झाला तर आपल्याला जादा अ‍ॅसिड मिळतं. ते मिळालं तरच भूधनचा नवा कारखाना. आणि तो तुमच्या तालुक्यात करायचा, असं आमच्या मोठ्या साहेबांनी तुम्हाला सांगितलंय."

"मग?"

"मग काही नाही. इथलं अडलं तर तिथलंही अडेल. साहेबांना लातूरची जागा आधीपासूनच आवडलीय."

आबांनी थाळी बाजूला सारली.

"जागा बघाय आला हुतासा तवा ह्ये बोलला न्हाईसा," आबा म्हणाले.

"तेव्हा प्रश्नच नव्हता."

"आबा, हा एका शब्दाचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"मीही तेच म्हणतोय," दातार म्हणाले. "एका शब्दाचा आहे. तो आबांनी बदललाच पाहिजे असं काही नाही. राहू दे आहे तसा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, माज्या तालुक्यात शिकल्याली पोरं पारावर बसून हायेत. खताच्या हंगामात बाया सोसायटीच्या दारात पाटेपासनं उब्या ऱ्हात्यात. तुमीच बातम्या लिवता त्येच्या."

"लिहिते. म्हणून विचारते, उद्या काय सांगणार?"

"बगू सकाळी."

सकाळी आयोग आला. तपकिरी सुटातले अध्यक्ष, त्यांचे सचिव आणि जमीनमोजणीचा एक माणूस. लझार त्यांच्याबरोबर होते. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. आम्हा सगळ्यांशी त्यांनी हात मिळवले, सी अम्मारची तब्येत विचारली आणि बागेत शिरल्यावर फांद्यांना डोकं लागू नये म्हणून वाकले. ते आजूबाजूला पाहत होते आणि सालहा म्हणाली होती तसंच होत होतं. त्यांना काही दिसत नव्हतं. झाडावर झाड, वेलावर वेल, कडेला पाण्यावाचून मेलेली दोन खजुराची झाडं. लझार बरोबर त्या मेलेल्या झाडांपाशी जाऊन उभे राहिले.

सी अम्मार बोलले थोडं. त्यांनी वाकून एक मुळा उपटला, माती झटकली आणि तो अध्यक्षांच्या हातात दिला. सालहाने माझ्या कानात सांगितलं, "बाबा म्हणाले, हा इथे आपोआप येत नाही."

लझार काहीतरी बोलले. सालहाचा चेहरा लाल झाला. "तो म्हणतो, एका मुळ्याने शेत होत नाही. आता पाहुण्यांचं ऐका, असं म्हणतो."

अध्यक्षांनी सालहाला बाजूला व्हायला सांगितलं. मालकाची मुलगी असल्यामुळे तिला दुभाषी म्हणून बोलता येणार नव्हतं. हे बरोबरच होतं. चूक पुढे होती. तिच्या जागी आता लझार बोलणार होते. आबांच्या मराठीचं दातार इंग्रजी करणार, त्या इंग्रजीचं लझार फ्रेंच करणार आणि सचिव ते उतरवून घेणार.

मी हात वर केला आणि इंग्रजीत बोलले. अध्यक्षांना इंग्रजी बऱ्यापैकी कळत होतं. काल वापरलेला शब्द रान होता, आबांच्या भागात त्याचा अर्थ शेत असा होतो, काल इंग्रजीत जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. मी हळू आणि सुटं बोलत होते. हाताखालच्या नव्या माणसाला फोनवर बातमी सांगावी तसं.

"मॅडम, आपण शेतीतज्ज्ञ आहात?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. मी मराठी आहे. प्रश्न मराठीचा आहे."

ते किंचित हसले. "योग्य. पण शब्द ज्यांचा आहे ते इथे उभे आहेत. त्यांनाच विचारू. काल काय म्हणाले ते सोडून द्या. आज, इथे, त्यांच्या मते ही जमीन शेत आहे की जंगल?"

मला वाटलं, सुटलो. इतका सरळ प्रश्न मीही विचारला नसता. सालहाने वडिलांना तो सांगितला, आणि सी अम्मारनी आबांकडे पाहून मान हलवली. कालची ओळख होती त्या हलण्यात.

दातार आबांकडे वळले. "आबा, ते विचारतायत, तुमचा कालचा शब्द कायम आहे का?"

"असं विचारलेलं नाही," मी म्हणाले. "शेत की जंगल, असं विचारलंय. नीट सांगा."

"मुळेबाई, तुम्ही दुभाषी नाही."

"तुम्ही तरी आहात का?"

आबा खाली मान घालून उभे होते. धोतर, काळा कोट, परदेशासाठी सांगलीत घेतलेले नवे बूट. त्यांनी घसा साफ केला.

"मी काल रान म्हनलो," ते म्हणाले. "रानच हाय."

दातारांनी लगेच तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला माहीत होतं, आबांनाही माहीत होतं. त्यांनी तो शब्द त्याचसाठी निवडला होता. त्यांच्या मनात ते खरं बोलले होते आणि पुढचं पाप दातारांच्या जिभेवर जाणार होतं. काल अजाणता झालेली चूक आज आबा जाणूनबुजून घोंगडीसारखी पांघरत होते. मला इतका संताप आला, की दातार बोलायच्या आत मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"आबा, रान नको. रानाच्या मागे लपू नका. ज्यांच्या घरी चहा प्यालात ते समोर उभे आहेत. शेत म्हणा नाहीतर जंगल म्हणा. दोन्ही शब्द तुम्हाला येतात. काय ते एक सांगा, आणि तुमच्या तोंडाने सांगा."

"ताई, तुमी मधी पडू नगा."

"पडले आहे. सांगा."

आबांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, सी अम्मारकडेही नाही. डाळिंबं लगडलेल्या फांदीकडे पाहिल्यासारखं केलं.

"जंगल," ते म्हणाले.

दातार बोलले नाहीत, लझारही बोलले नाहीत. त्याची गरज पडली नाही. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये तो शब्द आपल्याकडूनच गेलेला. त्या दिवशी त्या बागेत उच्चारलेला मराठीचा तेवढाच एक शब्द सगळ्यांना दुभाष्याशिवाय कळला. अध्यक्षांना कळला, सचिवांना कळला. सी अम्मारनाही कळला.

सचिवांनी तो लिहून घेतला, आणि बाग पडीक ठरली. अध्यक्षांनी हातातल्या मुळ्याकडे एकदा पाहिलं, तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, शेवटी त्यांनी तो सालहाकडे दिला. तिने घेतला.

मी परत आल्यावर हे सगळं लिहिलं. छापून आलं ते कारखान्याच्या उत्पादनक्षमतेबद्दलचं, उरलेलं जागेअभावी गळलं असं मला सांगण्यात आलं. त्या पानावर भूधनची अर्ध्या पानाची जाहिरात होती. पुढच्या वसंतात सी अम्मारच्या बागेतून टाकीचा खड्डा गेला, हे सालहाने फोनवर कळवलं. भूधनचा नवा कारखाना आबांच्या तालुक्यात झाला, पारावरची काही पोरं तिथे कामाला लागली, आणि त्याचं श्रेय आबांनी दोन निवडणुकांत घेतलं. या सगळ्याला लोक व्यवहार म्हणतात. म्हणोत. मला तो व्यवहार तिथेच कळला होता, आबांनी शब्द उच्चारल्यावर नव्हे, त्यानंतर लगेच.

कारण आयोगाचे लोक कागद आवरत असतानाच पाटावरून हाक आली. वरच्या बागेची पाळी संपली होती. सी अम्मार आमच्याकडे पाठ करून गेले, खोऱ्याने पाटाचं तोंड उघडलं, आणि पाणी आत शिरलं. वाफ्यामागून वाफा भरू लागला. अध्यक्ष, सचिव, लझार, दातार सगळे घाईने मागे सरले. बूट भिजू नयेत म्हणून कुणी कांद्यावर पाय दिला, कुणी कोथिंबिरीवर. मोजणीवाला तर मेंदीतूनच पळाला. त्यांना कुठे काय लावलंय ते दिसत नव्हतं.

आबांना दिसत होतं. त्यांनी धोतराचा सोगा एका हातात धरला, दोन वाफ्यांमधल्या वीतभर वरंब्यावर पाय ठेवला आणि तोल सांभाळत, चवडे आत वळवत, एकाही रोपाला धक्का न लावता ते बागेच्या दाराकडे निघाले. जिथे वरंबा ओला होऊन खचायला आला होता तिथे त्यांनी पाऊल लांब टाकलं, म्हणजे तो फुटू नये. त्यांच्या वजनाचा, वयाचा माणूस इतक्या अलगद चालताना मी पाहिला नव्हता.

"जंगलात माणूस असा चालत नाही, आबा," मी म्हणाले.

ते थांबले. वळून त्यांनी आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पाटाच्या तोंडाशी सी अम्मार खोऱ्यावर हात टेकून त्यांच्याकडेच बघत होते.

आबांनी सोगा सोडून दिला. पुढचं पाऊल त्यांनी वरंब्यावरून खाली, भिजलेल्या मुळ्यांच्या वाफ्यात टाकलं. मग दुसरं टाकलं. आणि वाफे तुडवत ते सरळ गाडीपर्यंत गेले.